चांदण्या रात्री बर्फातला लांडगा: रंगीत पेन्सिलींचं चित्र मळकट का होतं आणि ते कसं सावरायचं

तक्रार नेहमीची आहे. बर्फाळ माळावर उभा लांडगा, वर चंद्र. रेखाटन सुरेख, रंगही विचार करून निवडलेले, आणि तीन-चार तास खपल्यावर हाती येतो तो राखाडी गाळ. आकाश पट्ट्यापट्ट्यांचं, लांडगा त्या आकाशात विरून गेलेला, बर्फावर काळे डाग. मग बहुतेक जण पेन्सिली बदलतात. महागडा संच घरी येतो आणि गाळ तसाच राहतो. रात्रीच्या चित्रात कोणता रंग लावला याहून कुठे किती गडद लावला याला जास्त किंमत असते. हा गडद-फिकटाचा क्रम न ठरवता रंग भरायला घेतला की वरच्या सगळ्या तक्रारी एकामागून एक हजर होतात.

खालचे आकडे ए-फोर आकाराच्या कागदासाठी आणि साधारण १२ सेंटिमीटर लांबीच्या लांडग्यासाठी आहेत. चित्र लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात बदलून घ्या.

आधी निदान

चित्राचा फोनवर फोटो काढा, तो कृष्णधवल करा आणि अंगठ्याएवढा लहान करून पाहा. तीन जागा तपासायच्या: लांडग्याच्या पाठीमागचं आकाश, लांडग्याचं अंग आणि पायाशेजारचा बर्फ. यातल्या कुठल्याही दोन जागा सारख्याच राखाडी दिसल्या तर दुखणं तिथे आहे. रंगीत चित्रात निळं आकाश आणि तपकिरी लांडगा निळ्या-तपकिरीच्या फरकामुळे वेगळे भासतात आणि डोळा फसतो. कृष्णधवल फोटोत ही पळवाट उरत नाही.

मोजायला १ ते १० अशी पट्टी धरा. कोरा कागद म्हणजे १, काळी पेन्सिल पूर्ण दाबून भरलेली जागा म्हणजे १०. पौर्णिमेच्या आसपासच्या निरभ्र रात्रीसाठी आकाश वरच्या कोपऱ्यात ९ आणि क्षितिजाशी ६ ते ७, लांडग्याची सावलीकडची बाजू ७ ते ८, उजेडाकडची ३ ते ४, उजेडातला बर्फ २ आणि बर्फावरची सावली ४ ते ५ असं ठेवलं की चित्र उभं राहतं. १ हा आकडा फक्त चंद्र, पाठीच्या कडेवरची उजेडाची रेघ आणि बर्फातले दोन-चार चकाकते कण यांच्यासाठी राखायचा. अख्खा बर्फ कोरा सोडला तर चंद्राला बर्फाहून उजळ व्हायला जागाच राहत नाही. मग चंद्राभोवती कितीही पिवळं वलय काढा, तो विझलेलाच दिसतो.

ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के परत फेकतो. त्यामुळे चांदण्यात जमीन आकाशापेक्षा उजळ असते. एरवीच्या निसर्गचित्रात आकाश फिकट आणि जमीन गडद असते, हात त्याच सवयीने चालतो आणि इथे घोळ होतो. म्हणून रंगाला हात लावण्याआधी ५ बाय ७ सेंटिमीटरच्या चौकटीत एकाच शिसपेन्सिलीने तीन-चार छटांचा कच्चा आराखडा करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. पुढे शंका आली की त्याच्याकडे बघायचं, फोनवरच्या संदर्भ-फोटोकडे नाही, कारण रात्रीचे फोटो कॅमेरा स्वतःच उजळ करून ठेवतो.

आकाश मळतं, पट्टे पडतात

सर्वांत मोठं कारण म्हणजे पहिल्याच थराला काळी पेन्सिल. रंगीत पेन्सिलीचे थर अर्धपारदर्शक असतात, वरच्या थरातून खालचा डोकावतो. तळाशी काळा असेल तर वर लावलेला निळा दिसण्याआधीच मरतो. शिवाय काळा लावताना हात आपोआप दाबला जातो, कागदाचे दाणे मेणाने भरतात आणि पुढचे थर बसायचे सोडून नुसते घसरतात.

काळा रंग इतर गडद रंग एकमेकांवर चढवून तयार करा. पहिला थर मध्यम निळ्याचा, संपूर्ण आकाशभर, वर दाट आणि क्षितिजाशी विरळ. पेन्सिल टोकापासून सहा-सात सेंटिमीटर मागे धरा, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाहून जास्त दाब पडत नाही. टोक अणकुचीदार हवं आणि हात लहान लंबगोल फिरवत न्यायचा. दुसरा थर इंडिगोचा म्हणजे गडद निळ्याचा, वरच्या दोन-तृतीयांश भागावर. तिसरा डार्क सेपियाचा (गडद तपकिरीचा) किंवा गडद तांबड्या-जांभळ्याचा, अगदी विरळ. हा थर निळ्याचा भडकपणा मारतो, आणि निळा व तपकिरी एकमेकांवर आले की जवळजवळ काळी पण जिवंत छटा तयार होते. चौथा पुन्हा इंडिगो. काळी पेन्सिल फक्त पाचव्या थराला, तीही वरच्या दोन कोपऱ्यांतच. फेबर-कास्टेलच्या पॉलीक्रोमोस संचात यासाठी १५७ क्रमांकाचा डार्क इंडिगो आणि १७५ क्रमांकाचा डार्क सेपिया ही जोडी चोख बसते. दुसऱ्या संचात त्याच्या जवळचे दोन रंग शोधले तरी काम भागतं.

पट्टे वेगळ्या कारणाने पडतात. आकाश तुकड्यातुकड्यांनी भरताना प्रत्येक तुकडा सरळ रेषेत संपवला की पुढच्या तुकड्याशी जोड येतो तिथे दुहेरी थर बसतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही. तुकड्याची कड नेहमी विरळ, दातेरी सोडा आणि दर थराला कागद ९० अंशांत फिरवा.

आकाशात पांढरे कण राहिले तर ते कागदाच्या दाण्यांमधले खळगे आहेत. त्यांना तारे समजून सोडून द्यायचा मोह होतो. तो आवरा, कारण ते सगळे एकाच अंतरावर असतात आणि नजर ते लगेच ओळखते. टोक पुन्हा काढून खळगे भरत जाणं हा सुरक्षित उपाय. कागद २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) किंवा त्याहून जाड असेल तर बिनवासाच्या मिनरल स्पिरिटमध्ये (रंग विरघळवणाऱ्या द्रवात) ब्रश बुडवून, कापडावर जवळजवळ कोरडा करून, थर विरघळवता येतात. खिडकी उघडी ठेवा, प्राण्याच्या कडेपासून तीन मिलिमीटर अलीकडे थांबा आणि पूर्ण वाळल्याखेरीज त्यावर पेन्सिल चालवू नका. ओलसर कागदाचे तंतू सुटतात आणि तिथे कायमचा केसाळ डाग पडतो. रंगवायच्या वहीतल्या पातळ कागदावर हा प्रयोग नकोच, द्रव पलीकडच्या पानावर उतरतो.

काही दिवसांनी गडद आकाशावर पांढुरकी साय आलेली दिसते. ती बुरशी नव्हे. मेणाच्या पेन्सिलींचा, उदाहरणार्थ प्रिझ्माकलर प्रीमियरचा, दाबून जाड थर दिला की त्यातलं मेण हळूहळू पृष्ठभागावर येतं. मऊ सुती कापड किंवा टिश्यू अलगद फिरवला की साय निघते आणि खालचा रंग जसाच्या तसा असतो. पुन्हा येऊ नये म्हणून चित्र संपल्यावर फिक्सेटिव्हचे (रंग धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे) दोन-तीन पातळ हात द्या, अंदाजे ३० सेंटिमीटरवरून, मोकळ्या हवेत. तेलाधारित पेन्सिलींना हा त्रास सहसा होत नाही.

प्राणी आकाशात हरवतो

इथे सर्वांत आधी एक तर्काची चूक तपासा, ती पुष्कळ चित्रांत सापडते. चंद्र चित्रात, प्राण्याच्या मागे दिसतो आहे आणि प्राण्याचा चेहरा मात्र समोरून उजळलेला आहे. चंद्र मागे असेल तर आपल्याकडची बाजू सावलीतच असणार. उजेड मिळतो तो फक्त कडेला, पाठीच्या, कानांच्या आणि शेपटीच्या काठावर एक ते दीड मिलिमीटरची रेघ म्हणून. चेहरा उजळ हवाच असेल तर चंद्र चौकटीबाहेर, डावी-उजवीकडे आणि थोडा आपल्या बाजूला घ्या. मग अंगाचा साधारण एक-तृतीयांश भाग उजेडात येतो. कच्च्या आराखड्यावर बाणाने उजेडाची दिशा लिहून ठेवली की पुढे कान एका बाजूने आणि पाय दुसऱ्या बाजूने उजळत नाहीत.

आता त्या कडेच्या रेघेकडे येऊ, कारण सगळं चित्र तिच्यावर तोललेलं असतं. गडद रंगावर पांढरी पेन्सिल चालवून उजळ केस निघत नाहीत, निळसर राखाडी धुरकटपणा तेवढा येतो. उजळ केस आधीच राखून ठेवावे लागतात.

त्यासाठी पाठीच्या कडेवर प्रथम फिकट निळसर राखाडीचा एक पातळ थर द्या. चित्राखाली तीन-चार कागदांची गादी घ्या. शाई संपलेलं बॉलपेन किंवा एम्बॉसिंगची बोथट सुई घेऊन पाठीवरून आकाशात जाणारे केस दाबून कोरा: चार ते सहा मिलिमीटर लांब, किंचित वळलेले, शेपटीच्या दिशेला झुकलेले, पाठीच्या रेषेशी २० ते ३० अंशांचा कोन करणारे. दोन केस एकमेकांना चिकटलेले, मग थोडी फट, मग तिघांचा झुबका, मग एखादा एकटा. आता आकाशाचे थर देताना इथे पेन्सिल आडवी धरून टोकाची बाजू वापरा. कोरलेल्या खाचा खाली राहतात, रंग वरून निघून जातो आणि केस आपोआप उमटतात. खाच कोरताना जो रंग खाली असेल तोच टिकतो, म्हणून तो फिकट थर आधी. कोऱ्या कागदावर कोरलं तर केस ठार पांढरे येतात आणि दोऱ्यासारखे वेगळे पडतात. अणकुचीदार टोक मात्र खाचेत उतरतं आणि सगळी मेहनत वाया घालवतं. तेवढ्या दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यात टोक बोथट ठेवलेलं बरं.

कोरायचं राहून गेलं असेल तर दुसरा मार्ग आहे. केस काढू नका, केसांमधल्या फटी काढा. फट बाहेर रुंद असते आणि अंगाकडे निमुळती होत जाते. म्हणून इंडिगोचं टोक आकाशात टेकवून, दाब देऊन, अंगाच्या दिशेने झटक्यात उचलायचं. अशा असमान फटी पडत गेल्या की मधले फिकट भाग केस म्हणून वाचले जातात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, अंगातून आकाशाकडे गडद केस ओढतात. गडदावर गडद काही दिसत नाही आणि कड मात्र जाड होत जाते.

तरीही लांडगा सुटून दिसत नसेल तर त्याच्या खांद्यामागचं आकाश एक पायरी फिकट करा. क्षितिजाजवळ आकाश उजळ असणं स्वाभाविकच आहे, शिवाय दूरच्या झाडांची धूसर रांग तिथे ५-६ च्या छटेत घातली की गडद डोकं तिच्यावर स्वच्छ उठून दिसतं. फक्त झाडाचा बुंधा नेमका कानाच्या टोकातून वर जाऊ देऊ नका.

छापील रंगचित्रांत वेगळी अडचण असते. सगळीकडे सारख्या जाडीची काळी बाह्यरेषा असते आणि ती उजेडाची कड गिळून टाकते. तिच्यावर पांढरं लावत बसण्यापेक्षा आकाश त्या रेषेपर्यंत इतकं गडद न्या की रेषा आकाशातच मुरून जाईल. मग रेषेच्या आतला दीड मिलिमीटर कोरा राहिला तरी उजेडाची कड तयार होते. असा कागद पातळ असतो, तीन-चार थरांच्या वर काही धरत नाही. खाली जाड पुठ्ठा ठेवा आणि पाच थरांची वरची कृती इथे तीनवर आणा: मध्यम निळा, सेपिया, इंडिगो.

फर: लांडग्याचं साळिंदर होतं

सगळे केस एका लांबीचे, एका अंतरावर आणि एकाच दाबाने ओढले की ही गत होते. लांडग्याच्या हिवाळी कोटात दोन थर असतात, आत दाट मऊ लव आणि बाहेर लांब राठ केस. लव कधी केस-केस काढायची नसते, ती पहिल्या दोन थरांत सपाट छटेने येते. वरचे राठ केस तेवढे ओढायचे, तेही झुबक्यांनी.

लांबीचं प्रमाण असं: नाकाडावर १ ते २ मिलिमीटर, कपाळावर २, गालांच्या झुपक्यांवर ४ ते ५, मानेवर ८ ते १०, पाठीवर ५ ते ६, पायांवर पुन्हा २. दिशा नाकापासून मागे वाहते, गालांवर बाहेर-खाली वळते, मानेवर खाली-मागे उतरते. रंग भरण्याआधी ही दिशा फिकट बाणांनी आखून घ्या. प्रत्येक रेघ मुळाशी दाबून टोकाला सोडायची. दोन्ही टोकं सारखी जाड असलेली रेघ गवताची काडी दिसते, केस दिसत नाही.

थर पुढीलप्रमाणे: फिकट थंड राखाडी, मग मळकट तपकिरी किंवा गेरूसारखा रंग जरा हात राखून, मग झुबक्यांच्या मुळाशी डार्क सेपिया, मग सावलीकडच्या संपूर्ण बाजूवर इंडिगोचा एक सपाट हात. हा शेवटचा हात बरेच जण गाळतात. त्याच्याविना लांडगा दिवसा रंगवून रात्रीच्या चित्रात आणून चिकटवल्यासारखा वाटतो.

खोकड रंगवताना हे जास्तच जाणवतं. मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास गप्प होतात आणि दंडपेशी काम करतात. त्यांची संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-हिरव्याकडे, सर्वाधिक असते आणि तांबड्याला त्या जवळपास आंधळ्या. म्हणून तांबड्या वस्तू रात्री सर्वांत आधी काळवंडतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये टिपलेला हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. चित्रात त्याचा अर्थ असा की भडक केशरी खोकड चांदण्यात चालत नाही. बर्न्ट सिएनाचे (तांबूस तपकिरीचे) एक-दोन थर, वर इंडिगो, आणि मूळ उबदार रंग फक्त उजेडाच्या कडेलगत दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात दिसू द्या. तेवढा पुरतो. उलट शेजारच्या निळ्यामुळे तो असतो त्याहून जास्त पेटलेला वाटतो.

पांढरा प्राणी असेल, हिवाळी कोटातला ध्रुवीय खोकड किंवा ससा, तर त्याला बर्फासारखंच २ च्या छटेत ठेवून कड काढू नका. त्याच्यामागे बर्फाचा उंचवटा सावलीत घ्या, ४ ते ५ च्या छटेत. मग बाह्यरेषेची गरजच पडत नाही.

डोळे दिव्यासारखे पेटतात

लांडगा, खोकड अशा प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो. तो चमकतो तेव्हा उजेड बघणाऱ्याच्या बाजूने आलेला असतो, जसा विजेरीचा किंवा गाडीच्या दिव्याचा. चंद्र प्राण्याच्या मागे असताना डोळे पेटलेले दाखवणं म्हणजे चित्राबाहेर कोणीतरी विजेरी घेऊन उभं आहे असं सांगणं.

ए-फोरवर डोळा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा येतो, त्यामुळे मोजकंच करा. चकाकीचा अर्धा मिलिमीटरचा ठिपका उजेडाच्या बाजूला कोरा सोडा. बुब्बुळ पिवळसर मधाळ रंगाने भरून वरचा निम्मा भाग सेपियाने गडद करा, पापणीची सावली तिथे पडते. बाहुली लांडग्याची गोल, खोकडाची उभी चिरेसारखी. मोठ्या लांडग्याला निळे डोळे देऊ नका, पिल्लं निळ्या डोळ्यांनी जन्मतात पण तो रंग पुढे बदलतो. डोळ्याभोवतीची काळी कड सर्वांत शेवटी आणि संपूर्ण चित्रातल्या सर्वांत तीक्ष्ण टोकाने.

बर्फ बर्फ वाटत नाही

अख्खा बर्फ एकाच निळ्याने भरला तर ते पाणी दिसतं, कोरा सोडला तर अपुरं राहिलेलं काम. दोन्हींवर उपाय एकच, उजेडातला बर्फ आणि सावलीतला बर्फ यांच्यात स्पष्ट दोन पायऱ्यांचं अंतर.

उजेडाच्या भागावर अतिशय फिकट थंड राखाडीचा एक थर, त्यावर पांढऱ्या पेन्सिलीने किंवा रंगहीन ब्लेंडरने (थर मिसळायच्या बिनरंगी पेन्सिलीने) घोटून काढा, पृष्ठभाग सलग होतो. सावलीच्या भागावर फिकट निळा, मग थोडा जांभळट निळा, आणि सर्वांत खोल जागी इंडिगो जेमतेम स्पर्शाने. काळा आणि साधा राखाडी बर्फात वर्ज्य समजा. चंद्राच्या तबकडीला मात्र निळा लावू नका. चंद्रप्रकाश प्रत्यक्षात सूर्यप्रकाशापेक्षा किंचित पिवळटच असतो, निळेपणा आपल्या डोळ्याच्या रात्रीच्या कारभारातून येतो. कोरा कागद, त्यावरचे डाग फिकट उबदार राखाडीने, एवढं पुरे.

सावल्यांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की रात्रीच्या सावल्या पुसट असतात म्हणून बोटाने पसरवायच्या. चंद्र आकाशात सूर्याएवढाच, अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे चांदण्यातली सावलीही उन्हातल्याइतकीच रेखीव असते. एक मीटर अंतरावरून पडलेल्या सावलीची कड जेमतेम सेंटिमीटरभर विरते, म्हणजे या मापाच्या चित्रात काहीच नाही. कड स्वच्छ ठेवा. लांबी चंद्राच्या उंचीवर ठरते: चंद्र ४५ अंशांवर असेल तर सावली प्राण्याच्या उंचीएवढी, ३० अंशांवर पावणेदोन पट, २० अंशांवर पावणेतीन पट. झाडं, दगड, लांडगा या सगळ्यांच्या सावल्या एकाच चंद्राच्या आहेत हे विसरू नका. शिवाय सावली बर्फाच्या चढउतारावरून वळत जाते. सरळ पट्टीसारखी पडली तर जमीन टेबलासारखी सपाट वाटते.

प्राणी बर्फावर तरंगतो, ही तक्रार जवळजवळ नेहमी पायांपाशी सुटते. पंजे पूर्ण काढू नका. मऊ बर्फात पाय घोट्यापर्यंत रुततो, तेव्हा पंजाचा खालचा भाग बर्फाच्या असमान कडेने झाका. पाय बर्फात शिरतो तिथे सावलीकडे दोन मिलिमीटरची ६-७ च्या छटेची चंद्रकोर द्या आणि उजेडाकडची बर्फाची कड कोरी ठेवा. चार पायांच्या चारही खड्ड्यांत उजेड एकाच बाजूला आला की वजन आपोआप बसतं.

बर्फावर पडणारे काळे कण ही कामाच्या क्रमाची चूक. आकाश आधी पूर्ण करा आणि तोवर बर्फाचा भाग कागदाने झाकून ठेवा. भुकटी हाताने झटकू नका, फुंकूही नका, थुंकीचा एखादा शिंतोडा मेणाच्या थरातून डाग बनून वर येतो. रुंद मऊ ब्रशने झाडा. कण चिकटलाच तर मळता (कणकेसारखा मऊ) खोडरबर त्यावर टेकवून उचला. घासलात की तो पसरलाच.

तारे, हिमकण आणि आकाशातले घोटाळे

चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागात तारा काढू नका, तिथे चंद्रच आहे. पौर्णिमेला मंद तारे दिसत नाहीत, दहा-बारा ठळक पुरेत. लख्ख चंद्र आणि दाट हिमवर्षाव एकाच वेळी पटत नाही. बर्फ पडत असेल तर चंद्र ढगामागचा, विरलेल्या कडेचा ठेवा किंवा काढूनच टाका.

पडत्या हिमकणांसाठी पांढरं जेल पेन किंवा गॉश म्हणजे अपारदर्शक जलरंग. मेणाच्या थरावर गॉश थेंबाथेंबांनी गोळा होतो, तेव्हा त्यात पाणी अगदी कमी घ्या. जेल पेनच्या टोकात मेण अडकून ते दर दहा-पंधरा ठिपक्यांनी थांबतं. बाजूच्या कागदावर गिरवून मोकळं करायचं, दाबायचं नाही. ठिपके तीन आकारांचे ठेवा. सर्वांत मोठे अगदी मोजके, आणि एकही लांडग्याच्या डोळ्यावर नको. ब्रशने शिंतोडे उडवणार असाल तर आधी चेहरा कागदाने झाका.

बिघडलेलं चित्र वाचवायचं असेल

आकाश काळ्याने आधीच भरून गेलं असेल तर चिकटपट्टीने थोडा थर उचलता येतो. पट्टीचा चिकटपणा आधी कापडावर टेकवून कमी करा, ती चित्रावर ठेवा आणि हव्या त्या जागी पेनाच्या टोपणाने हलकं घासून सरळ वर उचला. तीन-चार वेळा केलं की एखाद-दोन पायऱ्या फिकट होतात. त्यावर निळा पुन्हा बसतो. जाड कागदावर धारदार पात्याने, कागदाशी जवळजवळ आडवं धरून, मेण खरवडून पाच-सहा उजळ केस काढता येतात. पातळ कागदावर पातं म्हणजे भोक.

बर्फ जास्त गडद झाला असेल तर तो पुसत बसू नका, आकाश आणखी एक पायरी गडद करा. फरक टिकला की बर्फ पुन्हा उजळ भासतो. लांडग्याच्या अंगाचे थर घसरायला लागले असतील तर फिक्सेटिव्हचा एक पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, वर आणखी एखाद-दोन थर बसतात. त्यासाठी डब्यावर पुन्हा रंगवता येण्याजोगं असं लिहिलेलं फिक्सेटिव्ह घ्या, अंतिम चकचकीत वार्निश नव्हे.

पांढऱ्या गॉशचे आणि जेल पेनचे ठिपके मात्र शेवटच्या फवाऱ्यानंतरच द्या. फवारा वरून मारला तर ते मंदावतात आणि रात्रभर वाळल्यावर निम्मे दिसतच नाहीत.